मोहन्याचा भोंगा आणि मराठीचे अंगण

गेल्या महिन्यात कल्याणकडील एका साहित्यविषयक सभेस जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. सभेचे अध्यक्ष वयाने, विद्येने आणि लेखनाने आम्हांहून वडील असल्यामुळे त्यांचे नाव येथे घेणे आम्ही अप्रशस्त समजतो. शिवाय त्यांनी जे मत मांडले ते त्यांचे एकट्याचे नसून आपल्या सुशिक्षित वर्गातील बहुतेकांचे आहे. तेव्हा आमचा वाद मताशी आहे, व्यक्तीशी नाही. नव्या पिढीच्या अभिरुचीचा विषय निघाला असता अध्यक्ष म्हणाले की, हल्ली 'रॅप' म्हणून जो प्रकार तरुणांत बोकाळला आहे तो म्हणजे तालावर केलेली बडबड. ते परक्यांचे उष्टे. त्यात ना चाल ना अर्थ, शिवीगाळ मात्र पोटभर. आणि असल्या वस्तूस साहित्याच्या अंगणात पाऊल ठेवू देणे म्हणजे ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेचा उपमर्द होय. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत आमचीही टाळी होती, हे आम्ही प्रथमच कबूल करून टाकतो. परंतु घरी परतल्यावर जो विचार सुरू झाला त्याचा शेवट काही केल्या टाळीत होईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांच्या कानी हा प्रकार केवळ मुलांच्या खोलीच्या भिंतीपलीकडून येतो, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. रॅप म्हणजे ठाशीव तालाच्या साथीवर यमके आणि अनुप्रास साधीत, गाण्यापेक्षा बोलण्यास जवळ असलेल्या स्वरात, त्वरेने म्हटलेले पद्य. त्याचा उगम १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातील गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्तीत झाला, असे सामान्यतः मानतात. तेथून ते जगभर पसरले. आणि आपल्याकडे मुंबई, धारावी, कुर्ला, पुणे, अमरावती अशा ठिकाणच्या तरुणांनी गेल्या दहा-बारा वर्षांत ते आपलेसे केले. २०१९ साली 'गली बॉय' नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा आपल्या वर्गातील पुष्कळांना या गोष्टीचा प्रथम पत्ता लागला. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि आपण घरी आलो. असो.

आता अध्यक्षमहाशयांच्या आक्षेपांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप, हे परक्यांचे उष्टे आहे. आम्ही नम्रपणे विचारतो की, मराठीच्या ताटात आज परक्यांचे उष्टे नाही ते काय आहे? सुनीत हा काव्यप्रकार इटलीत जन्मला, इंग्लंडात वाढला, आणि १८९२ साली केशवसुतांनी तो मराठीत आणला. गझल फारसीतून माधव ज्यूलियनांनी आणली. कादंबरी, लघुकथा, लघुनिबंध, आणि ज्यात हा लेख छापला जात आहे ते मासिक पुस्तक, ही सर्व इंग्रजी अमदानीची देणी आहेत. त्यांस आपण उष्टे म्हणत नाही. 'आधुनिक मराठी साहित्य' म्हणतो. मग ज्या वाटेने सुनीत आले त्याच वाटेने दुसरी एखादी वस्तू आली तर तिची झडती घेण्याचे कारण काय? कारण एकच दिसते. सुनीत विद्यालयाच्या दारातून आले आणि रॅप झोपडपट्टीच्या दारातून आले. पाहुणा परदेशचा आहे ही आपली तक्रार नव्हेच. तो कोणाच्या घरी उतरला ही खरी तक्रार आहे.

दुसरा आक्षेप असा की, ह्यास चाल नाही, ही नुसती बडबड आहे. हा आक्षेप एखाद्या परप्रांतीयाने घेतला असता तर आम्हांस नवल वाटले नसते. परंतु कीर्तन ऐकून वाढलेल्या मराठी माणसाने तो घ्यावा, ह्याचा अचंबा वाटतो. अठराव्या शतकातील अमृतरायांचे कटाव म्हणजे काय आहे? टाळमृदंगाच्या ठेक्यावर, श्वास घेण्यास उसंत न ठेवता, अनुप्रासांची माळ ओवीत म्हटलेले पद्यच ना? त्यात चाल थोडी आणि ताल फार. शब्दावर शब्द आदळून जो नाद उत्पन्न होतो तेच त्याचे संगीत. संगमनेरच्या अनंत फंदीने फटका रचला तो लोकांस खडसावण्यासाठीच रचला. कलगी आणि तुरा ह्या दोन पक्षांचे शाहीर रात्रीच्या रात्री एकमेकांस सवाल टाकीत आणि जबाब मागीत. हजरजबाबीपणात जो हरला त्यास प्रेक्षकांदेखत मान खाली घालावी लागे. आज धारावीतील दोन मुले समोरासमोर उभी राहून हेच करतात, तेव्हा त्यांस कोणी सांगत नाही की, बाबांनो, तुमचे आजे-पणजे हे करून गेले आहेत. आणि त्यांस ते कोण सांगणार? ज्यांस ठाऊक आहे ते सभेत टाळ्या वाजवीत आहेत.

येथे इतिहासाची एक आठवण करून देणे आम्हांस भाग आहे. सोलापूरचे राम जोशी तमाशाच्या नादी लागले म्हणून त्यांस घरातून बाहेर पडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आज त्यांच्याच लावण्या आम्ही पदवीच्या वर्गात अलंकार मोजून शिकवितो. गावोगाव गोंधळी पोवाडे गात होते तोवर आपल्या पंडितांस त्यांत वाङ्मय दिसले नाही. १८९१ साली अॅक्वर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साहाय्याने ते जमवून छापले, तेव्हा कोठे पोवाडा प्रतिष्ठित झाला. स्वतःच्या घरातील वस्तूची किंमत दुसऱ्याने सांगितल्याखेरीज आपल्यास कळत नाही, ही खोड जुनी आहे. आज आम्ही इंग्लंडचे उदाहरण देणार आहो तेही ह्याच खोडीची लाज मनात बाळगून देणार आहो.

इंग्लंडात रॅप अमेरिकेतून आले, तेव्हा आरंभीचे पुष्कळ इंग्रज रॅपकार अमेरिकन उच्चारांची नक्कल करीत. ती नक्कल होती तोवर त्यांच्या गाण्यात जीव नव्हता. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'लंडन पॉसी'सारख्या मंडळींनी लंडनच्या गल्लीतील उच्चारांत, जमेकाहून आलेल्या कुटुंबांच्या बोलीत म्हणावयास सुरुवात केली आणि पारडे फिरले. आपल्या बोलीत बोलू लागताच ते आपल्या आयुष्याविषयी बोलू लागले. कारण उसन्या जिभेने घरची गोष्ट सांगता येत नाही. २००३ साली लंडनच्या पूर्वभागातील 'बो' वस्तीत वाढलेल्या डिझी रॅस्कल नावाच्या मुलास, वयाचे एकोणिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, त्या देशातील प्रतिष्ठेचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. २००४ साली माइक स्किनर ह्याने 'द स्ट्रीट्स' ह्या नावाने एक गीतमाला काढली. तिची कथा पाहा. एका सामान्य तरुणाचे साठविलेले एक हजार पौंड घरातून नाहीसे होतात. भाड्याने आणलेली चित्रपटाची तबकडी परत करावयाची आहे, आईला फोन करावयाचा आहे, यंत्रातून पैसे काढावयाचे आहेत, आणि ह्यांतले एकही काम धड होत नाही. मित्रांवर संशय येतो, प्रेम तुटते, आणि शेवटी ते पैसे दूरचित्रवाणीच्या संचामागे पडलेले सापडतात. एवढीच गोष्ट. ना राजा, ना रणांगण, ना चंद्रोदय. परंतु हातावर पोट असलेल्या माणसास हजार पौंड म्हणजे काय हे ज्यास ठाऊक आहे त्यास ह्या गोष्टीत महाकाव्याचा ऐवज दिसेल.

दुसरे उदाहरण केट टेंपेस्ट, पुढे के टेंपेस्ट, ह्या कवीचे. २०१६ च्या त्यांच्या दीर्घकाव्यात लंडनच्या एकाच रस्त्यावरील सात माणसे पहाटे चार वाजून अठरा मिनिटांनी जागी आहेत. कोणी कामावरून परतले आहे, कोणास चिंतेने झोप नाही. एकमेकांच्या शेजारी राहून ती एकमेकांस ओळखत नाहीत. अखेर वादळ येते आणि सातही जण रस्त्यावर येऊन पावसात उभी राहतात. टेंपेस्ट ह्यांस त्यापूर्वीच, २०१३ साली, टेड ह्यूज ह्या थोर कवीच्या नावाचे काव्यपारितोषिक मिळाले होते. इंग्लंडात ह्या मंडळींचे सर्वांनीच कौतुक केले असे मात्र कोणी समजू नये. तेथेही नाके मुरडली गेली, तेथेही गाण्यावरून न्यायालयात खेचले गेले. २०१९ साली दोघा तरुणांस, न्यायालयाची मनाई मोडून एक गाणे म्हटले एवढ्यावरून, स्थगित कारावासाची शिक्षा झाली. तरीपण साहित्याचे दार तेथे निदान किलकिले आहे.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगितल्याविना गत्यंतर नाही. टेंपेस्ट ह्यांच्या काव्यावर आम्ही इंग्रजीच्या वर्गात एक संपूर्ण तास व्याख्यान दिले आहे. श्रमजीवी वर्गाचे दैनंदिन जीवन, बोलभाषेची लय, उच्चारित काव्याची परंपरा, इत्यादी शब्द फळ्यावर लिहिले आहेत. त्याच वर्षी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील काव्यवाचनाच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्ही बसलो असता मोहन्याहून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने टेबलावर बोटांनी ठेका धरून, अर्धे मराठीत अर्धे हिंदीत, आपल्या वडिलांविषयी म्हणावयास आरंभ केला. कारखाना बंद पडून वर्षे लोटली तरी वडील पहिल्या पाळीच्या वेळेस पहाटे उठतात, पायांत बूट चढवितात, फाटकापर्यंत जाऊन येतात. आई काही बोलत नाही, फक्त परत आल्यावर चहा गरम करते. येणे असलेल्या रकमेचा कागद पत्र्याच्या पेटीत आहे आणि दर पावसाळ्यापूर्वी त्याचे प्लास्टिक बदलले जाते. एवढेच त्यात होते. आम्ही त्यास मध्येच थांबविले. 'ही काव्यवाचनाची स्पर्धा आहे' असे म्हणालो, आणि कागदावर त्याच्या नावापुढे रेघ ओढली. मुलगा 'बरं सर' म्हणून खाली बसला. पारितोषिक पावसावरील एका कवितेस गेले. ती कविता आज आम्हांस आठवत नाही. त्या पेटीतील कागदाचे प्लास्टिक मात्र अजून डोळ्यांपुढून हालत नाही. साता समुद्रांपलीकडच्या सात माणसांचे जागरण आम्हांस काव्य वाटले आणि आंबिवली स्थानकावर उतरून येणाऱ्या मुलाच्या बापाचे जागरण नियमबाह्य वाटले. अध्यक्षमहाशयांवर टीका करण्याचा आमचा अधिकार काय तो एवढाच की, त्यांचा अपराध आम्ही त्यांच्या अगोदर केलेला आहे.

मोहने हे गाव पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतर आंबिवली लागते, त्याला लागून उल्हास नदीच्या काठी हे गाव आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे लोकांच्या तोंडी 'एनआरसी'चा, मोठा कारखाना येथे होता. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढणे हे त्याचे मुख्य काम. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवावयाचा, कार्बन डायसल्फाइडशी त्याचा संयोग करावयाचा, त्यापासून होणारा मधासारखा दाट द्रव बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडावयाचा, म्हणजे रेशमासारखा धागा निघतो. ज्या साडीस आपल्या घरातील स्त्रिया कौतुकाने हात लावीत, तिच्या धाग्याची ही जन्मकथा आहे. ह्या धंद्यात कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि धागा काढणाऱ्या खात्यातील कामगारांच्या डोळ्यांस त्या वायूंचा त्रास होतो, हे वैद्यकशास्त्रास फार पूर्वीपासून विदित आहे. अशा कारखान्याच्या आसऱ्याने वसाहत, शाळा, बाजार, सण आणि उत्सव उभे राहिले. कोकणातला, घाटावरचा, खानदेशातला आणि उत्तरेकडचा माणूस एका भोंग्यावर उठू लागला. २००९ च्या नोव्हेंबरात कारखान्यास टाळे लागले. हजारो कामगारांच्या देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत पडला. जमीन दुसऱ्यांच्या हाती गेली. आणि २०२५ साली त्याच जागेवर सिमेंट दळण्याचा कारखाना काढण्याची योजना पुढे आली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांस धुळीच्या भयाने विरोधासाठी उभे राहावे लागले.

आता आमचा प्रश्न असा आहे की, ह्या साऱ्याची कथा मराठीत कोणी सांगावयाची? गिरणगावास हे भाग्य लाभले होते. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि कामगारांच्या चाळी डफाच्या आवाजाने जाग्या केल्या. नारायण सुर्व्यांनी गिरणीच्या फाटकावर आपले विद्यापीठ पाहिले. १९८२ च्या संपाने उद्ध्वस्त झालेल्या घराचे चित्र जयंत पवारांनी 'अधांतर' नाटकात उभे केले. परंतु शहाड, आंबिवली, मोहने, अंबरनाथ ह्या पट्ट्यातील कामगारांच्या वाट्यास तितके शाहीर आले नाहीत. त्यांच्याविषयी बातम्या छापल्या गेल्या, अर्ज लिहिले गेले, दावे दाखल झाले. परंतु अर्जात माणसाची रक्कम येते, पहाट येत नाही. केशवसुतांनी शतकापूर्वी उपाशी मजुरावर कविता लिहिली, तिचा आम्हांस अभिमान आहे. तरी ती मजुराच्या वतीने दुसऱ्याने लिहिलेली होती. आता मजुराचा मुलगा स्वतः तोंड उघडू पाहत आहे. त्याच्याजवळ वीणा नाही, हार्मोनियम नाही, छापखाना नाही. हातातला फोन आणि बोटांचा ठेका एवढेच भांडवल आहे. ज्यास इतक्या स्वल्प भांडवलावर काव्याचा धंदा करता येतो त्या प्रकारास गरिबांनी जवळ केले ह्यात नवल ते काय?

तिसरा आक्षेप शिवीगाळीचा. ह्याबाबतीत अध्यक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. पुष्कळशा रॅपात स्वतःची बढाई, दुसऱ्याची निंदा, मोटारींचे आणि दागिन्यांचे प्रदर्शन, आणि स्त्रियांविषयी ऐकवणार नाही असे बोलणे असते. ज्याच्या घरी नळास पाणी नाही त्याने सोन्याच्या साखळीवर गाणे रचावे, ही त्या कलेची आणि त्या मुलाची दोघांचीही विटंबना होय. परंतु कोणत्याही काव्यप्रकाराची परीक्षा त्याच्या निकृष्ट नमुन्यांवरून करू लागलो तर सुनीताची काय गत होईल? भावगीताची काय होईल? वाईट सुनीते लिहिणाऱ्यांची संख्या मराठीत लहान नाही. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत हे खरे. त्यांनी काहीच दिले नाही, हेही तितकेच खरे. आणि ह्याच प्रकारातील चांगले नमुने पाहावयाचे तर तेही डोळ्यांसमोर आहेत. २०१९ साली 'स्वदेसी' ह्या मंडळीने आरे येथील आदिवासी प्रकाश भोईर ह्यांस बरोबर घेऊन वारल्यांच्या जंगलहक्कावर गाणे केले, त्यात शिवी नाही, संताप आहे. ह्या दोहोंतला फरक ज्यास कळत नाही त्याने साहित्याचे अध्यक्षपद स्वीकारू नये.

शिवीपेक्षाही आम्हांस ज्याची अधिक भीती वाटते ते निराळेच आहे. ते म्हणजे घोषणा. आमचे रॅपकार तरुण 'गली', 'संघर्ष', 'व्यवस्था' असे मोठाले शब्द फार वापरतात आणि चहाचे भांडे, भाड्याची पावती, बापाचे बूट ह्यांकडे त्यांचे लक्ष कमी जाते. स्किनरच्या गीतमालेचे सामर्थ्य हरवलेल्या हजार पौंडांत आहे, दारिद्र्यावरील व्याख्यानात नाही. मोहन्याच्या त्या विद्यार्थ्याने नेमकी हीच गोष्ट न शिकविता साधली होती. आणि त्याच्या गुरुजनांनी काय केले ते वर सांगितलेच आहे. त्यास जर कोणी सांगितले असते की, तुझ्या ठेक्यास अमृतरायांच्या कटावाशी जोडून पाहा, तुझ्या घरच्या आगरी, मालवणी किंवा अहिराणी बोलीस लाजू नकोस, पेटीतला कागद सोडू नकोस, तर मराठीस एक कवी मिळाला असता. आम्ही त्यास नियम सांगितला.

शेवटचा आक्षेप भाषेच्या उपमर्दाचा, आणि खरा वाद येथेच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. परंतु त्याच सभांतून आपण रडगाणे गातो की, मुले मराठी सोडून हिंदीत बोलतात, हिंदीत गातात. मुंबईच्या वस्त्यांतील रॅपचा मोठा भाग हिंदीमिश्रित बोलीत आहे, ही गोष्ट खरी. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी ह्यांच्या ज्या गाण्याने ह्या प्रकारास नाव मिळवून दिले तेही त्याच बोलीतले. परंतु मराठी घरातील मुलगासुद्धा मनातले बोलण्याची वेळ आली की हिंदीकडे का वळतो, ह्याचा विचार आपण केला आहे काय? शाळेत त्याने 'पानी' म्हटले तर हसलो, 'व्हता' म्हटले तर खोडले, निबंधात घरची बोली लिहिली तर तांबड्या शाईने रेघ ओढली. मराठी म्हणजे जेथे आपली चूक काढली जाते ती जागा, असा त्याचा समज आपण करून दिला. बाजारातली हिंदी निदान त्यास हसत नाही. भाषेच्या अंगणात सडासंमार्जन करून, रांगोळी घालून, आत येणाऱ्याच्या पायांस माती आहे म्हणून आपण त्यास परतवितो, आणि मग अंगण ओस पडले म्हणून शोक करतो! भाषेचा उपमर्द तो मुलगा करीत नाही. तो आपण केला आहे. ज्ञानोबांनी गीता लोकांच्या बोलीत आणली आणि तुकोबा वाण्याचे दुकान चालवीत होते. त्यांचे नाव घेऊन कामगाराच्या मुलास दाराबाहेर उभे करणे, ह्यास उपमर्द नाही तर काय म्हणावे?

ह्या आपल्या अव्हेराचा एक परिणाम असा होतो की, ज्यास साहित्याने थारा दिला नाही त्यास राजसत्ता सहज पकडते. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे ह्या तरुणावर, राज्यकर्त्यांवर टीका करणाऱ्या त्याच्या मराठी रॅपबद्दल, मोहन्यापासून फार दूर नसलेल्या अंबरनाथ येथे गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्यात उमेश खाडे ह्याच्यावरही मुंबईत गुन्हा नोंदला गेला. त्या गाण्यांतील प्रत्येक शब्द आम्हांस मान्य आहे असे नाही. अनंत फंदीचा तरी प्रत्येक शब्द कोणास मान्य होता? परंतु एखाद्या प्रतिष्ठित कवीवर असा प्रसंग आला असता तर निषेधाची पत्रके निघाली असती, सह्या गोळा झाल्या असत्या. ह्या दोघांकरिता साहित्यिकांच्या किती सभा भरल्या, ह्याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे. अण्णा भाऊंच्या कलापथकावर एके काळी सरकारने बंदी घातली होती. पुढे २००२ साली त्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट निघाले आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. शाहीर जिवंत असता बंदी आणि मेल्यावर तिकीट, हा जो आपला रिवाज आहे तो एकदा तरी मोडावयास हवा.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना थोड्या आहेत आणि खर्चाच्या मुळीच नाहीत. कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांनी आपल्या काव्यवाचनाच्या स्पर्धांचे नियम बदलावेत. ठेक्यावर म्हटलेली कविता ही कविताच आहे, असे त्यांत स्पष्ट लिहावे. मराठीच्या विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांस वहीपेन देऊन मोहने, शहाड, अंबरनाथ येथे पाठवावे, आणि कामगार कुटुंबांच्या आठवणी व तेथील मुलांची गाणी उतरून घ्यावीत. जात्यावरच्या ओव्या ज्या चिकाटीने जमविल्या गेल्या त्याच चिकाटीने. १८६४ पासून चालत आलेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी वर्षातून एक संध्याकाळ ह्या मुलांस द्यावी, आणि आपण वडीलधाऱ्यांनी समोर बसून ती शेवटपर्यंत ऐकावी. २०१७ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन डोंबिवलीस भरले होते. पुढे असे संमेलन ह्या भागात भरेल तेव्हा त्याच्या मुख्य मंडपात, मुख्य वेळी, कटाव आणि रॅप शेजारी शेजारी म्हटले जावेत. आणि मासिकांच्या संपादकांनी अशा रचनांचे परीक्षण करावे. कौतुकासाठी नव्हे, कडक परीक्षण करावे. ज्याची चूक कोणी गंभीरपणे दाखवीत नाही त्यास कोणी गंभीरपणे घेतले नाही असेच समजावे.

ह्यावर कोणी म्हणेल की, प्राध्यापकांस उतारवयात तरुणांच्या मागे धावण्याची हौस आली आहे. तसे नाही. आमच्या कानांस हा प्रकार आजही सुखद वाटत नाही. आम्ही अजून भीमसेनांचे अभंग ऐकूनच निजतो. परंतु आमच्या कानांस जे सुखद तेवढेच वाङ्मय, असा नियम आम्ही कोणत्या शास्त्रात वाचला होता, ते शोधूनही सापडत नाही.

त्या विद्यार्थ्याचा पुढे आम्ही शोध घेतला. तो भिवंडीकडे मालाच्या एका गोदामात नोकरीस आहे, असे त्याच्या वर्गमित्राने सांगितले. आम्ही निरोप पाठविला की, ती कविता पुरी ऐकावयाची आहे. उत्तर आले ते असे: 'सर, ती तर मी लिहून ठेवली नव्हती.' मोहन्याचा भोंगा २००९ साली बंद झाला, तो बंद करणे आमच्या हाती नव्हते. हा दुसरा आवाज मात्र आम्ही आमच्या हाताने बंद केला, आणि त्यासाठी एक पेन्सिल पुरली. पुढच्या स्नेहसंमेलनात परीक्षकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी हात उचलण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे, हीच विनंती.